बाबांच्या बोटांची सिस्टिम

डॉक्टरांच्या केबिनमध्ये बाबा 'हो' म्हणाले नव्हते. त्यांनी टेबलावर बोटं वाजवली होती. 'हो' म्हणाली ती माय.

बाबांकडे काही म्हणायला आवाजच उरला नव्हता. आदल्या वर्षी घशाच्या कॅन्सरमुळे त्यांची स्वरपेटी काढून टाकावी लागली. मानेच्या तळाशी असलेल्या भोकातून श्वास चालायचा आणि त्यावर माय रोज एक धुतलेला सुती रुमाल बांधायची. आता जखम छान भरली आहे, असं डॉक्टरांचं म्हणणं होतं. आणखी एक छोटं ऑपरेशन करून आत झडप बसवली, तर थोड्या सरावानं बोलता येईल. आवाज घोगरा असेल, पण समोरच्याला कळेल. "आप क्या बोलते, साब?" त्यांनी थेट बाबांना विचारलं. बाबांनी दोन्ही हात टेबलाच्या काचेवर ठेवले आणि बोटं हलवायला सुरुवात केली. माय पुढे सरसावली. "हौ म्हणायलेत. हौ बोल रहे, डॉक्टरसाब."

"अम्मा, आप नक्को बोलो," डॉक्टर म्हणाले. "उनका गला है. घर जाके आराम से पूछो, सोमवार कू आके बताओ."

माय गप्प बसली, म्हणजे तिच्या मानानं. लिफ्टमध्ये एका अनोळखी बाईला तिनं सांगून टाकलं की आमचे हे आता बोलणार.

मी बाजूच्या खुर्चीवर होते, म्हणून मला बाबांचे हात नीट दिसले होते. ते बोटं वाजवणं नव्हतं. प्रत्येक बोट वेगळं पडत होतं, मधूनमधून उजवा अंगठा खाली येत होता, आणि करंगळ्याही कामाला लागल्या होत्या. कंटाळलेला माणूस करंगळीनं टेबल वाजवत नाही. बाबा टाइप करत होते. काचेवर अक्षरं उमटत नसल्यामुळे ते कोणाला वाचता आलं नाही.

बाबा जन्मभर टायपिस्ट. आधी मराठवाड्यात तहसिलीच्या बाहेर लिंबाखाली मशीन मांडून बसायचे. आमच्या वस्तीतली माणसं जमिनीचे, पेन्शनचे, दाखल्याचे अर्ज करायला त्यांच्याकडे यायची. नंतर हैदराबादला एका मराठी शाळेच्या ऑफिसात नोकरी लागली आणि आम्ही मलकपेठला आलो. शाळेतले टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आले, तेव्हा बाबांनी मराठीचा असा एक प्रोग्रॅम शोधून काढला ज्यात अक्षरं टाइपरायटरच्याच जागेवर होती. निवृत्त झाल्यावर तोच घरी बसवून घेतला. मलकपेठ आणि दिलसुखनगरमधल्या आमच्या मराठवाड्याच्या लोकांच्या लग्नपत्रिका, जयंतीची पत्रकं, कोणी गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाची कार्डं, सगळं त्या कॉम्प्युटरमधून निघायचं. नव्या पोरांना ते धड वाचताही येत नाही. कार्डाचा फोटो काढून आईला पाठवतात आणि विचारतात, मम्मी, हॉल कौनसा है? पण कार्ड मराठीतच पाहिजे हा हट्ट मात्र त्यांचाही असतो.

आवाज गेल्यावर बाबा त्याच कॉम्प्युटरवर बोलायला लागले. पेनानं लिहायची सोय नव्हती. त्यांचा हात इतका कापायचा की लिहिलेलं त्यांचं त्यांनाच लागायचं नाही. मनगट टेबलाला टेकलं की मात्र बोटं सरळ पडायची. अक्षर भरपूर मोठं करून ते टाइप करायचे आणि मी नाहीतर माय मागं उभं राहून वाचायचो. वरणात मीठ कमी आहे. पंख्याचा आवाज येतोय. शेजारच्यांना सांगा मी मुका आहे, बहिरा नाही, ओरडून बोलू नका. असं बरंच काही. घर त्यांच्यासाठी त्या खुर्चीभोवती फिरायला लागलं होतं.

मग एक दिवस कॉम्प्युटर बंद पडला तो पडलाच. मी उघडून पाहिला तर आतल्या मुख्य बोर्डावरचे कपॅसिटर फुगून फुटले होते आणि एका कोपऱ्यात काळं झालं होतं. डॉक्टरांनी झडपेचा विषय काढला तो त्यानंतर. त्यामुळे बाबांचं त्यावर काय मत आहे, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. मायला ठाऊक होतं, पण तिला सगळ्यांचंच सगळं ठाऊक असतं.

वाचणाऱ्याला वाटेल, हो की नाही एवढंच तर विचारायचं होतं, मान हलवून सांगितलं असतं. मी विचारलंही. रेडिएशननंतर बाबांची मान आखडली होती, ती हलायची थोडी आणि तीही तिरकी. ती हलली की मायला 'हौ' दिसायचं. खरी अडचण वेगळी होती. मी "हो का नाही एवढंच सांगा" म्हटलं की बाबा माझ्याकडे बघायचे, हात उचलून थांब म्हणायचे आणि जेवायच्या टेबलावर, पलंगाच्या कडेवर, स्वतःच्या मांडीवर बोटं चालवायला लागायचे. एका शब्दात संपणारं त्यांचं काही नव्हतं. त्यांना पूर्ण सांगायचं होतं.

मला स्वतःला ऑपरेशन हवं होतं, हे इथेच सांगून टाकते. मी टेलिफोन खात्यात नोकरी केली. माणसं एकमेकांना काय बोलतात यापेक्षा ते तारेतून नीट जातं की नाही, एवढंच बघायची मला सवय. बाबांचा आवाज माझ्या डोक्यातून पुसट होत चालला होता आणि त्याचं मला वाईट वाटायचं. घोगरा का होईना, तो परत मिळणार असेल तर नाही कोण म्हणेल, असं मी धरून चालले होते. तरीही काचेवर फिरणारी ती करंगळी बघितल्यावर त्यांना न विचारता सही घ्यायला माझं मन होईना. सोमवारच्या आत त्यांच्यापुढे चालणारा कॉम्प्युटर ठेवायचा, असं मी ठरवलं.

आधी सोपं तेच केलं. माझा लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला. त्यात मराठी होतंच, फक्त अक्षरं वेगळ्या जागी होती. शोधाशोध करून टाइपरायटरसारखी मांडणीही घातली. ती निघाली हिंदीची. बऱ्याच कळा जुळत होत्या, काही नव्हत्या. बाबांनी हात ठेवले आणि नेहमीप्रमाणे समोर बघत टाइप केलं. ते कळांकडे कधीच बघत नाहीत. पडद्यावर जे आलं ते अर्धं मराठी होतं आणि अर्धं काहीच नव्हतं. त्यांनी ते पुसलं, पुन्हा टाइप केलं, पुन्हा तसंच आलं. मी म्हटलं, "बघून बघून करा ना बाबा, हळूहळू." त्यांनी लॅपटॉपचं झाकण अलगद मिटलं आणि तो माझ्याकडे सरकवला.

"नको म्हणायलेत," माय म्हणाली. या वेळी तिचं बरोबर होतं.

त्यांना समजावण्यात अर्थ नव्हता. बोटांना जे येतं ते डोळ्यांनी शोधायला लावायचं म्हणजे स्वयंपाक करणाऱ्या बाईला डबे उघडून मीठ कुठलं ते चाखून बघायला सांगण्यासारखं होतं. त्यांना त्यांचाच प्रोग्रॅम हवा होता. आणि तिथंच घोडं अडलं.

तो प्रोग्रॅम फक्त एका जुन्या सिस्टिमवर चालतो. पडद्यावर हिरवी टेकडी आणि निळं आकाश यायचं, ती. कंपनीनं तिच्यावरचं लक्ष काढून घेतल्याला जमाना झाला. दुसरं म्हणजे, प्रोग्रॅमला एक लॉक लागतं. प्रिंटरची रुंद पिनांची वायर जिथं लागायची तिथं बसणारा हा काडेपेटीएवढा ठोकळा. ते लावलेलं नसेल तर प्रोग्रॅम उघडतच नाही. पूर्वी नकला होऊ नयेत म्हणून विकणारे असं लॉक द्यायचे. आता विकणारेही नाहीत आणि तसली रुंद जागा नव्या कॉम्प्युटरला नसते. नव्या सिस्टिमच्या पोटात जुनी सिस्टिम चालवायचा एक मार्ग असतो, तोही मी करून पाहिला. टेकडी आली, प्रोग्रॅम आला, आणि त्यानं लॉक मागितलं.

म्हणजे नव्या मशीनवर जुनी सिस्टिम घालायची आणि मशीन आपणच जुळवायचं. जुने बोर्ड बाजारात होते, पण ते बाबांच्या बोर्डाच्याच वयाचे आणि त्याच दुखण्याचे. मी सिकंदराबादच्या कॉम्प्युटर बाजारात गेले. दोन-तीन दुकानांत मला काय हवंय ते ऐकून घेतलं गेलं आणि नंतर हसू आवरलं गेलं नाही. "आपा, इत्ता पुराना सिस्टम कायकू होना? नवा लेके जाव, मस्त चलता," एक जण म्हणाला. माझ्या वयाच्या बाईला हे लोक समजावतात फार. मी त्याला म्हटलं, चलता है वो मेरेकू मालूम, मराठी नहीं चलती. तरी त्याचा उत्साह कमी झाला नाही.

शेवटी दिलसुखनगरला एका दुरुस्तीच्या दुकानात फार नवा नाही, फार जुना नाही असा एक बोर्ड सापडला. त्याच्या मागे रुंद जागा नव्हती, पण बोर्डाच्या कोपऱ्यात दोन ओळींत उभ्या पिना होत्या आणि शेजारी बारीक अक्षरांत त्या कशासाठी आहेत ते छापलेलं होतं. बनवणाऱ्यांनी सोय ठेवली होती, वायर द्यायची विसरले होते. वायर मी करू शकत होते. जुन्या प्रिंटरची पट्टी कापून एक-एक तार डाग देऊन जोडली. आयुष्यभर जे केलं त्यामानानं हे सोपं काम. सोल्डरिंगचा वास घरात पसरल्यावर बाबा येऊन शेजारी बसले. त्यांना नाकानं वास फारसा येत नाही आता, त्यामुळे ते कशामुळे आले कोण जाणे.

"काय करायलीस ग?" माय.

"बाबांचा कॉम्प्युटर."

"ऑपरेशन झाल्यावर लागणार आहे का त्यायला? बोलतील की मग तोंडानं." आणि बाबांकडे वळून, "हौ ना हो?"

बाबांनी खुर्चीच्या हातावर बोटं चालवली. "हौ म्हणायलेत," माय म्हणाली.

मी गरम सोल्डरिंग गन पुढच्या तारेला टेकवली.

मायला वाईट म्हणायचा माझा हेतू नाही. तिचा आणि बाबांचा संसार असाच चाललेला. बाबा मितभाषी, वाक्याच्या सुरुवातीला जरा थांबणारे. ते "आज शाळेत..." म्हणाले की माय "मास्तर पुन्हा भांडले असतील" असं म्हणून मोकळी व्हायची. बरेचदा ते खरंही निघायचं, म्हणून बाबा पुढचं बोलायचे नाहीत. बोलणाऱ्याची माती खपते अन् न बोलणाऱ्याचे गहू खपत नाहीत, असं ती आम्हाला सांगायची आणि बाबांचे गहू स्वतः खपवून यायची. शाळेत पगारवाढीचं तिनंच जाऊन भांडून आणलं होतं. आवाज गेल्यावर तर तिला वाटलं, आता आपली जबाबदारी दुप्पट झाली.

रविवारी सकाळी सगळं जोडलं. जुन्या कॉम्प्युटरचं कॅबिनेट, सीडीचा ड्राइव्ह आणि डिस्क घेतली, नवा पॉवर सप्लाय लावला. जुन्या सिस्टिमची जपून ठेवलेली सीडी फिरली, निळा पडदा आला, पांढऱ्या अक्षरांत सिस्टिम बसवायला सुरुवात झाली आणि मध्येच सगळं थांबून पडद्यानं मला इंग्रजीत हात जोडले. बोर्डाला डिस्क नव्या पद्धतीनं वाचायची सवय, सिस्टिमला जुनी. बोर्डाच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याला जुनी पद्धत घ्यायला लावली. पुन्हा सुरुवात. या वेळी पुढं गेलं. मग पडद्यानं सांगितलं, पुढं जायचं असेल तर अमुक कळ दाबा. मी दाबली. काही नाही. पुन्हा दाबली. नव्या चपट्या वायरीचा कीबोर्ड त्या जुन्या सिस्टिमला दिसतच नव्हता. अजून तिच्यात ती ओळखच घातलेली नव्हती, आणि ओळख घालायला कीबोर्ड लागणार होता.

बाबा मागं बसून हे बघत होते. ते उठले, पलंगाखालून आपला जुना कीबोर्ड काढून आणला. गोल पिनेचा. त्याच्यावरची अक्षरं कधीच झिजून गेलेली, कळा कोऱ्या. बोर्डाच्या मागं गोल जागा होती. मी ती बघूनही बघितली नव्हती. कीबोर्ड लावला, कळ दाबली, सिस्टिम पुढं गेली. बाबा पुन्हा जाऊन बसले. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी हसू म्हणणार नाही, पण मायनं लगेच जाहीर केलं, "खूश झाले बघ."

दुपारपर्यंत टेकडी आली. फार जाड आणि पसरट आली, कारण पडदा सांभाळणारा छोटा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, नव्हता. बोर्ड बनवणाऱ्यांनी सरळ सांगून ठेवलं होतं की या सिस्टिमला आमचा आधार नाही. हात झटकलेल्या दोन कंपन्यांच्या मध्ये मी आणि माझी तारांची पट्टी. एका परदेशी माणसानं फुकट करून ठेवलेला ड्रायव्हर मिळाला, त्यानं पडदा सरळ झाला. आवाजाचा ड्रायव्हर मिळाला नाही. त्यावर घरात कोणी विनोद केला नाही. नेटची वायर मी जोडली नाही, या वयाची सिस्टिम बाहेरच्या हवेत सोडायची नसते.

मग बाबांचा प्रोग्रॅम घातला, मागं माझ्या पट्टीला ते काडेपेटीएवढं लॉक लावलं आणि उघडला. लॉक सापडत नाही, असं त्यानं सांगितलं.

मी लॉक काढून पुन्हा लावलं. पट्टी तपासली. प्रत्येक तार मीटर लावून पाहिली, सगळ्या ठीक. पुन्हा तोच निरोप. तारेत चूक असती तर मी शोधली असती, तार बरोबर असताना पलीकडचा ऐकत नाही म्हणजे काय करायचं? मायनं चहा आणून ठेवला. "आज नाही झालं तर उद्या डॉक्टरला सांगून टाकू हौ म्हणून. एवढं काय त्याच्यात?" ती म्हणाली. मला इतका संताप आला की मी चहा तसाच ठेवून गॅलरीत जाऊन उभी राहिले. खाली रस्त्यावर एक माणूस मोबाइलवर अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलत होता. ज्यांना आवाज असतो त्यांना तो वापरायचं भान नसतं, असं काहीतरी मनात आलं आणि मी आत आले.

गॅलरीत उभं असताना एक गोष्ट मात्र आठवली. आमच्या खात्यात जुनी यंत्रं नव्या लाइनीवर लावताना लाइनीचा वेग मुद्दाम कमी करावा लागायचा. नवी लाइन फार शहाणपणानं बोलते, जुन्या यंत्राला ते कळत नाही. मी बोर्डाच्या सेटिंगमध्ये परत गेले आणि त्या रुंद पिनांचं वागणं सगळ्यात जुन्या, सगळ्यात साध्या प्रकारावर आणून ठेवलं. मशीन पुन्हा चालू केलं. टेकडी. प्रोग्रॅम. तो उघडला. पांढरा कागद आणि त्यावर उभी काळी रेघ, लुकलुकणारी.

"बाबा, या."

ते आले. बसायच्या आधी त्यांनी रुमालानं कळा पुसल्या. खुर्ची पुढं घेतली, मनगटं टेकवली आणि अक्षर मोठं केलं. आधी फक्त एक ओळ कळांवरून बोटं फिरवल्यासारखी टाइप करून पाहिली, सगळं आपापल्या जागी आहे ना ते बघायला. होतं. ती ओळ पुसून टाकली.

बाबांना जागा देताना काढून ठेवलेला माझा चष्मा सोल्डरिंगच्या पसाऱ्यात कुठंतरी होता. माय पुढं झाली. ती वाचायला उशिरा शिकली, लग्नानंतर बाबांकडूनच. अजूनही बोट लावून, शब्द शब्द करत मोठ्यानं वाचते. पडद्याजवळ जाऊन तिनं बोट लावलं.

"ऑपरेशन... नको," तिनं वाचलं. आणि लगेच माझ्याकडे वळली. "घाबरलेत. मी म्हणलंच होतं तुला, रक्ताला घाबरतात ते पहिल्यापासून."

बाबांची बोटं थांबली नव्हती. मायनं पुन्हा बोट लावलं.

"घाबरलो... नाही." ती जरा थांबली. पुढं वाचायला लागली. "आवाज होता तेव्हा... या घरात माझं एक वाक्य... शेवटाला गेलं नाही. अर्धं तू पुरं... करायचीस. राहिलेल्या अर्ध्याला... पोरगी उत्तर द्यायची."

वाचता वाचता तिचा आवाज बारीक झाला. 'तू' म्हणजे आपण, हे तिला वाक्य संपल्यावर कळलं असावं. तिला पूर्ण करायला त्यात काही उरलं नव्हतं.

"आवाज गेल्यावर... तुम्ही दोघी... पूर्णविरामापर्यंत थांबता," तिनं वाचलं.

मला राग आला. खोटं कशाला सांगू? दिवसचे दिवस बाजार फिरले, बोटं भाजून घेतली, आणि मशीन चालू झाल्यावर पहिली गोष्ट त्यांनी काय सांगितली, तर तुम्ही मला बोलू देत नव्हता. शिवाय ते खरं नव्हतं, निदान माझ्यापुरतं पूर्ण खरं नव्हतं, असं मला वाटलं, आणि मी ते लगेच बोलून दाखवलं. म्हटलं, "बाबा, घरातलं ठीक आहे. बाहेरचं काय? रिक्षावाल्याशी कसं बोलाल? रात्री दुखलं-खुपलं तर हाक कशी माराल? फोन कसा घ्याल? हे मशीन काय गळ्यात अडकवून फिरणार आहात का? आणि आवाज आला तरी आम्ही ऐकूच की, आता कळलंय ना आम्हाला, झडप बसवली म्हणून काही लगेच..."

"गप की जरा," माय म्हणाली. "लिहायलेत ते."

मी बघितलं. मी बोलत असताना बाबांनी पुढचं वाक्य सुरू केलं होतं आणि मध्येच हात उचलून, माझं संपायची वाट बघत बसले होते. चष्मा नसतानाही एवढी मोठी अक्षरं मला दिसली. 'मला भीती वाटते ती' एवढंच होतं, आणि पुढं ती रेघ लुकलुकत होती.

मायचं तोंड अर्धं उघडलं. 'ऑपरेशनची' हा शब्द तिच्या ओठांवर आलेला मला स्पष्ट दिसला. तिनं तो गिळला. आयुष्यात पहिल्यांदा तिनं बाबांचा एक शब्द स्वतः म्हणायचा सोडून दिला.

आम्ही दोघी थांबलो. बाबांनी हात खाली घेतले. ते सावकाश टाइप करत होते, त्यांच्या नेहमीच्या वेगाच्या अर्ध्यानं. मायनं बोट लावलं नाही. एक-एक शब्द उमटेल तसा ती वाचत गेली.

"...ती एवढीच... की आवाज आला... तर तुम्ही इथं मागं... उभं राहायला येणार नाही."

पूर्णविराम पडला. बाबा समोर बघत राहिले. मागं वळून त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही.

मायनं डोळ्यांना पदर लावला नाही, तसली ती नाही. तिनं ओट्याजवळचं स्टूल ओढत आणलं, बाबांच्या खुर्चीला अगदी खेटून ठेवलं आणि त्यावर बसली.

"लिहा," ती म्हणाली.